दवाखान्याच्या व्हरांड्यातला सौदा

माझा धंदा जुन्या लाकडाचा. शहरात एखादं जुनं घर पाडायला निघालं की मी तिथं जातो, खांब, तुळया, दारं-चौकटी बघतो आणि उभ्या उभ्या भाव सांगतो. सगळ्यात आधी बघतो ती ओसरी. ओसरीचे खांब उघड्यावर असतात. ऊन, पाऊस, वाळवी, सगळं त्यांनी सोसलेलं असतं. खांब जिथं खालच्या दगडावर टेकतो तिथं नखानं उकरून बघितलं की बाकीच्या घराची काय अवस्था असेल ते कळतं. ओसरी म्हणा, पडवी म्हणा, व्हरांडा म्हणा, आमचे मुसलमान कारागीर बरामदा म्हणतात, वस्तू एकच. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खांब, वर छप्पर. दोन खांबांमधल्या जागेला आम्ही खण म्हणतो.

अशा कितीतरी ओसऱ्या मी उतरवून विकल्या. एका व्हरांड्याला मात्र हात लावला नाही. शहरातल्या जुन्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डापुढं एक लांबलचक व्हरांडा होता. तो पाडायचं ठरलं तेव्हा लिलावाला मी गेलो नाही. दुसऱ्या एकानं तो माल घेतला आणि पुढं वर्षभर मला ऐकवलं, "शेठ, असलं सागवान तुम्ही सोडलंच कसं?" मला ते सागवान माहीत होतं. त्यातल्या प्रत्येक खांबाला मी त्या एका दिवसात हात टेकवला होता.

पोलिस ॲक्शनला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. मी शहरात एकटा होतो. आमचं गाव सोयगावकडं, घरची शेती बरी होती. वडील गेले आणि थोरल्या भावानं मला सांगितलं, "तुझं मन शेतीत नाय. तू आपला शहरात बघ काहीतरी." बघ म्हणाला, पण बघायला हातावर काही ठेवलं नाही. मी हातगाडी ओढली, लाकडाच्या वखारीत ओंडके उचलले, मालकाचे सौदे ऐकत ऐकत सौदा शिकलो आणि मग स्वतःची वखार टाकली. लहानशी, पण माझी. त्यानंतर माझं लग्न झालं. बायको पाचोडकडची. तिचे लोक शेतकरी, खाऊनपिऊन सुखी, आणि प्रत्येक गोष्टीत रीत काय आहे ते बघणारे.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्यातली रीत. सातव्या महिन्यात मेव्हणा येऊन तिला घेऊन गेला. मी म्हटलं होतं, "इथं दवाखाना जवळ आहे, राहू द्या." मेव्हणा म्हणाला, "दाजी, लोक काय म्हणतील? पाचोडवाल्यांकडं लेकीला दोन घास नाहीत?" मी गप्प बसलो. रागीट माणूस सगळीकडं तोंड टाकतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. सासरच्या माणसांपुढं मी बरेच वेळा गप्प बसलो आहे.

दिवस भरायच्या आधीच तिला रक्त जायला लागलं. सुईण दोन दिवस काहीबाही करत राहिली. मग मेव्हण्यानं तिला गाडीत घालून शहरात आणलं आणि वखारीत माणूस पाठवला. मी पोचलो तेव्हा तिला आत नेलं होतं. वॉर्डात पुरुषांना मनाई होती. एक बाई सोबत ठेवायला परवानगी होती, म्हणून माझी सासू आत होती. बाकी सगळ्यांनी व्हरांड्यात बसायचं.

त्या व्हरांड्यात तेव्हा एक गावच वसलं होतं. दगडी फरशी, भिंतीकडून अंगणाकडं किंचित उताराची, म्हणजे आत आलेलं पावसाचं पाणी निघून जावं. जाड सागवानी खांब, वर लाकडी कमानी. एकेक खण एकेका घराचा झालेला. खांबाला दोरी बांधून लुगडी वाळत घातलेली. खाली अंगणात तीन दगडांच्या चुली. कुणी कुणाला नावानं ओळखत नव्हतं. फर्दापूरची म्हातारी, गंगापूरवाले, असंच चालायचं. वॉर्डाचं दार मध्यावर होतं, आणि दाराजवळचा खण मिळावा म्हणून सगळ्यांची धडपड. कारण सिस्टर दारात येऊन हाक मारायची ती एकदाच. लांबच्या खणात ऐकू जात नसे.

मेव्हणा आणि त्याच्यासोबत आलेले दोघं दाराच्या उजव्या हाताला बसले होते. दुपारी माझा थोरला भाऊ आला. तो बाजाराला म्हणून शहरात आला होता, वखारीत कळलं म्हणून आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तो मात्र पाचोडच्या लोकांशेजारी बसला नाही. लग्नात मानपानावरून त्यांचं वाजलं होतं. त्यानं दाराच्या डाव्या बाजूला, दोन खण सोडून, पोतं अंथरलं.

थोड्या वेळानं सिस्टर दारात आली. "पाचोडच्या पेशंटचं कोण आहे?"

मी आणि मेव्हणा दोघं उठलो.

"रक्त लागणार आहे. दोन बाटल्या. संध्याकाळच्या आत. रक्त तपासणारे पाचला जातात, त्याआधी माणसं आणा."

बाजारात भाव विचारल्यावर जसे लोक एकदम दुसरीकडं बघायला लागतात, तसे आजूबाजूच्या खणांतले लोक दुसरीकडं बघायला लागले. त्या काळी रक्त म्हटलं की माणसं उठून पाणी प्यायला जायची. एकदा दिलं की ते परत भरून येत नाही, माणूस जन्मभर अर्धा होतो, बैल जसा मधेच बसतो तसा नांगरामागं बसतो, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. पण मी तपासायच्या खोलीकडं धावलो. त्यांनी बोट टोचलं, काचेवर थेंब घेतले आणि म्हणाले, "तुमचं चालणार नाही. जुळत नाही. तिचे भाऊ आहेत ना? तुमचा भाऊ? आणा त्यांना, जेवढे येतील तेवढे."

सासूनं आपणहून हात पुढं केला होता, पण तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघून सिस्टरनं तिला मागं सारलं. तिच्यातच रक्त नव्हतं.

मी आधी मेव्हण्याकडं गेलो. सख्खा भाऊ, त्याचं जुळेल असं मला वाटलं.

"पाव्हणं, चला."

तो खांबाला टेकून बसला होता. उठला नाही. "दाजी, एक गोष्ट विचारू का? रागावू नका."

"विचारा."

"आमच्या घरी होती तवर आमची जबाबदारी. आमी काही कमी केलं नाय. पण आता तुमच्या शहरात, तुमच्या दवाखान्यात आणली. म्हंजी ती सासरी आली. आता आमी मधे पडलो तर तुमचे भाऊच म्हणतील, पाचोडवाल्यांनी मोठेपणा मिरवला."

"कोण म्हणतंय तसं?"

"आधी त्यांना विचारा. त्यांनी दिलं की आमी मागं हटत नाय."

मी डाव्या बाजूला गेलो. भाऊ बिडी ओढत होता.

"दादा, रक्त द्यायचंय. बोट टोचून घ्यायचं आधी. जुळलं तरच."

"पहिलं बाळंतपण कुणाचं?"

"आता ते राहू द्या."

"राहू कसं द्या? पहिलं बाळंतपण माहेरचं. खर्च माहेरचा, धावपळ माहेरची, मग हे बी माहेरचंच. त्यांचे तीन तरणे गडी तिकडं बसलेत आन तू मला सांगतोस? पेरणी तोंडावर आलीय माझी. उद्या तिफण कोण धरणार? तू येणारेस?"

"येतो. पेरणीला येतो, कापणीला येतो. आत्ता चला."

"त्यांना उठव आधी. ते उठले तर मी बसून राहीन का?"

असा मी त्या दारासमोरून उजवीकडून डावीकडं आणि डावीकडून उजवीकडं किती खेपा घातल्या ते मोजलं नाही. घासाघीस हा माझा धंदा, पण ती बायकोच्या जिवासाठी करावी लागेल असं स्वप्नात आलं नव्हतं. एकाचं म्हणणं, रीत माहेरची. दुसऱ्याचं म्हणणं, दवाखान्यात आणली त्या घडीला ती सासरची झाली. दोघांचंही म्हणणं, समोरच्यानं आधी उठावं. आणि मधल्या त्या दारातून मधूनमधून सासूचं रडणं बाहेर येत होतं. ते त्या दोघांनाही ऐकू येत होतं. ऐकू येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. दोघांमधे भिंत नव्हती, पडदा नव्हता. नुसते खांब होते.

फर्दापूरची म्हातारी दाराला लागून बसली होती. तिची सून आत होती. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "लेकरा, सोयरीक जुळवतोस का काय? इतक्या येरझाऱ्या तर माझ्या लेकाच्या लग्नात मध्यस्थानं बी घातल्या नव्हत्या."

"जुळतंय आजी," मी म्हटलं.

"जुळल्यावर जेवण घाल मग."

तिच्यावर राग आला नाही. ती एकटीच माझ्याशी बोलत होती.

मेव्हण्याच्या बाजूला परत गेलो तेव्हा मी पाया पडलो. मोठा असून पडलो. तो झटकन पाय ओढून उठला, "हे काय दाजी, हे काय, पाप लागंल आमाला." पण उठला तो पाय सोडवायला. पुन्हा खांबाआड बसला.

भावाशी मी भांडलो. माझा आवाज चढला. शेताचं काढलं, वडिलांचं काढलं, हातगाडीचं काढलं. तो थंडपणानं म्हणाला, "बघ, हे बोलायला आला होतास व्हय? मग रक्ताचं कशाला सांगतोस?" सगळा व्हरांडा ऐकत होता. शिपाई येऊन मला म्हणाला, "ओ, हळू. आत पेशंट हायेत."

मग मी तेच केलं जे धंद्यात करतो. घेणारा आणि विकणारा दोघं हट्टाला पेटले, दोघांनाही सौदा हवा असला आणि कुणीच आधी बोलायला तयार नसलं, की मधला माणूस एकाला सांगतो, तो तयार झाला. मग जाऊन दुसऱ्याला सांगतो, हा तयार झाला. दोघंही पुढं सरकतात, हात हातात पडतात. मधल्यानं खोटं सांगितलं होतं, हे त्यांना पुढं कळलं तरी ते हसतात. मी स्वतः असे कितीतरी सौदे जुळवले होते. हे चूक आहे असं मला कुणीही सांगू नये. सगळा बाजार यावर चालतो.

मी उजवीकडं गेलो आणि मेव्हण्याला म्हटलं, "दादा तयार झाले. ते एक बाटली देतायत. आता तुमची एक."

तो म्हणाला, "झाले का? बरं झालं. शाणा माणूस हाय तुमचा भाऊ."

"मग तयार रहा. मी खोलीत सांगून येतो."

"व्हय व्हय."

डावीकडं गेलो. "पाचोडवाले उठले. एक बाटली त्यांची. दुसरी तुमची."

भावानं बिडी फरशीवर विझवली. "मी म्हणलं नव्हतं? त्यांना लाज वाटली शेवटी. जा, तू सांगून ये."

पाच वाजत आले होते. रक्त तपासणारा कपाटाला कुलूप लावत होता. मी त्याच्या दारात उभा राहून हात जोडले, दोघं येतायत, दोघंही तयार आहेत, पाच मिनिटं थांबा म्हटलं. भला माणूस. त्यानं कुलूप परत काढलं, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाला, "आणा लवकर."

मी परत आलो. उजवीकडचा खण रिकामा होता. डावीकडचाही. भावाचं पोतंही नव्हतं.

आधी मला वाटलं, ते दुसऱ्या वाटेनं खोलीकडं गेले. मी धावत खोलीकडं गेलो. तिथं कुणी नव्हतं. परत आलो. त्या व्हरांड्याला दार नव्हतं, कडी नव्हती. खोली असती तर मी चौकटीत आडवा झालो असतो, दोघांना कोंडून ठेवलं असतं. तिथं कुठल्याही दोन खांबांमधून पाय खाली टाकला की माणूस अंगणात, आणि अंगणातून रस्त्यावर. मी एकेक खण बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, खांबांना हात टेकत टेकत. सगळ्या खणांत लोक होते. माझे नव्हते.

म्हातारी म्हणाली, "तुझा भाऊ तर उतरून गेला. मी विचारलं, कुठं निघालात बाबा. म्हणला, एस्टी चुकंल. झाली सोय, पाव्हणे देतायत."

"आणि पाचोडवाले?"

"ते बी असंच म्हणले. सासरचे देतायत, आमी तवर च्या पिऊन येतो."

मला जे ऐकू आलं ते मला कळायला वेळ लागला. दोघंही पुढं सरकले नव्हते. दुसरा देतोय म्हटल्यावर दोघांनीही ओझं उतरवून खाली ठेवलं होतं. लोक मला आजवर म्हणत आले, तूच तसं सांगितलंस. हो, सांगितलं. पण बाजारात मी हेच सांगितलं की माणूस हात पुढं करतो. यांनी पाय बाहेर काढले. त्यांना जायचंच होतं; माझ्या बोलण्यानं त्यांना निमित्त मिळालं एवढंच. हे मी तेव्हा म्हटलं, आजही म्हणतो.

मी दारासमोर खालीच बसलो. मला आठवतं, मी खांबाच्या बुडाला नखानं उकरत होतो. सवयीनं. लाकूड टणक होतं.

शेजारच्या खणात शहरातला एक कल्हईवाला होता. सकाळपासून तिथंच होता. त्याच्या बायकोला मुलगी झाली होती, पण तिला ताप होता. हात काळे, नखांत राख, बाजूला भात्याची पिशवी. त्यानं सगळं बघितलं होतं.

"क्या हुआ सेठ? भाग गए दोनो?"

मी मान हलवली.

"चलो, मेरा देखो. जमा तो जमा."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की हा मागणार काय. फुकट कुणी काही देत नाही, हे मी हातगाडीवर शिकलो होतो. मी म्हटलं, "तुम्हाला काय पाहिजे ते आधी सांगा."

"मैं कुछ बोला क्या?"

"नाही, पण आधीच ठरलेलं बरं."

"अरे, जान जारी उधर औरत की, और तुम भाव करते बैठे." तो उठला आणि पिशवी म्हातारीकडं सरकवली. "अम्माँ, देखना जरा. सेठ, अब उठते के नक्को?"

वाटेत मी पुन्हा विचारलं. तो नुसता पुढं चालत राहिला, आणि मी त्याच्या मागं. त्याचं बोट टोचलं. थेंब काचेवर पसरले, माणूस काच उजेडात धरून बघत राहिला. तेवढ्या वेळात मी आठवेल त्या देवाला नवस बोललो. "जुळतंय," तो म्हणाला. मग त्याला बाकावर आडवा केला. काळ्या हाताच्या कोपराजवळ कापसानं पुसलं तिथं मूळचा रंग दिसला. बाटली भरत गेली. मी बघू शकलो नाही.

एक बाटली झाली. दुसरीसाठी मी सगळा व्हरांडा पालथा घातला. गंगापूरवाल्यांपुढं हात जोडले. ते म्हणाले, आमचे स्वतःचे पेशंट आहेत. खरं होतं. म्हातारी म्हणाली, माझं घे. सिस्टरनं तिच्याकडं बघून नुसतं "आजी, बसा" म्हटलं. मेव्हणा चहा पिऊन परत आला तेव्हा अंधार पडला होता आणि खोलीला कुलूप लागलं होतं. मी त्याची गचांडी धरली. तो म्हणत राहिला, "दाजी, तुमीच म्हणलात ना? तुमीच म्हणलात ना?" लोकांनी सोडवलं.

मूल आधीच गेलेलं होतं. मुलगा होता. आणि रक्त थांबेना म्हणून त्यांनी तिची गर्भाची पिशवी काढली. डॉक्टर स्वतः दारात आले, तरुण होते, डोळे लाल झालेले. म्हणाले, "ती वाचेल. आमच्या हातात जेवढं रक्त होतं त्यात एवढंच करता आलं." दुसरी बाटली मिळाली असती तर पिशवी राहिली असती का, हे मी विचारलं नाही. तेव्हा सुचलं नाही, आणि पुढं कधी विचारायची हिंमत झाली नाही. पण राहिली असती, असंच मी धरून चाललो आहे. मला जन्मभर कुणी उलटं पटवून देऊ शकलेलं नाही.

सकाळी भाऊ आला. एस्टी चुकली होती, तो ओळखीच्याकडं राहिला होता. हातात डबा होता, भाकरी आणि पिठलं. मी व्हरांड्याच्या पायरीवर त्याला अडवलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "आन त्यांनी दिलं नाय?"

एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मी डबा हातातून हिसकावला आणि अंगणात भिरकावणार तेवढ्यात आतून सासू आली. तिनं माझ्या हातातून डबा काढून घेतला. आत नेला. मागाहून कळलं, बायको शुद्धीवर आली होती आणि तिला भूक लागली होती. तिनं त्यातली अर्धी भाकरी पिठल्यात कुस्करून खाल्ली. कुणी आणली हे तिला माहीत होतं. उरलेल्या भाकरी तिनं बाहेर पाठवल्या, कल्हईवाल्याला. तो आणि म्हातारी खांबाला टेकून ते खात होते. मला बोलावलं. मी गेलो नाही.

भाऊ पुढं पुष्कळ वर्षं लोकांत सांगायचा, "अशा वेळी मी काय, घास तर नेला होता ना तिच्यासाठी." लग्नकार्यात सांगायचा. ज्याला माहीत नाही त्याला वाटायचं, केवढं केलं यानं.

कल्हईवाल्याला मी नंतर वखारीतून दाराची चौकट नेऊन दिली, त्याच्या घराला लावायला. घेईना. मी भांडून दिली.

तिला मूल होणार नव्हतं. मी दुसरं लग्न करावं असं दोन्हीकडचे म्हणाले. तेवढ्यापुरतं मात्र दोन्हीकडच्यांचं लगेच एकमत झालं. मी दोघांनाही हाकलून दिलं. वखार वाढवली. पाडायच्या घरांमागं गावोगाव फिरलो, सोयगावच्या पलीकडंही फिरलो, पण गावात पाऊल टाकलं नाही.

काही वर्षांनी भाऊ आमच्या दारात आला. त्याला तिसरा मुलगा झाला होता. वहिनी सोबत होती, पोर तिच्या कडेवर, काजळ घातलेलं, मुठी चोखणारं. भावानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हे पोर तुमच्या ओटीत घालायला आणलंय. लिहून देतो. परत मागणार नाय. तुझं एवढं वाढलंय, सांभाळायला कुणीतरी पाहिजे."

बायको आतल्या दारात उभी होती. वहिनीनं पोर तिच्याकडं दिलं. त्यानं तिच्या पदराचं टोक तोंडात घातलं आणि ती हसली. तिला तसं हसताना मी फार दिवसांनी बघितलं.

मी म्हटलं, "तेव्हा एक बाटली मागितली होती. ती दिली नाहीत. आता सबंध पोर देताय. इतका चांगला भाव मला का देताय, दादा? बदल्यात माल कुठं पोचवायचाय?"

"लेका, तू माणसाशी बोलतोस का दुकानात बोलतोस?"

"तुमच्याशी मी त्या दिवशी माणसासारखा बोललो होतो."

वहिनी रडायला लागली. भावानं टोपी घातली. बायकोनं पोर हळूच वहिनीच्या हातात दिलं, आधी त्याच्या गालावरचं काजळ पुसलं. ती माणसं गेली. मी पाणी मागितलं. तिनं आणून ठेवलं आणि म्हणाली, "तुमचं त्यांच्याशी काय ते तुमी बघा. मला पोर पाहिजे होतं."

मी म्हटलं, "त्या माणसाचं?"

"कुणाचं बी," ती म्हणाली. "तुमी त्या दिवशी कुणाचं बी रक्त घेतलंच ना?"

 माझ्याकडं याला उत्तर नव्हतं असं नाही. कल्हईवाल्यानं स्वतःहून दिलं होतं, आणि हा माझ्या वाट्याच्या जमिनीवर नजर ठेवून, वखारीवर नजर ठेवून देत होता. यात फरक आहे, आणि तो ज्याला कळत नाही त्यानं व्यवहार करू नये. पण हे तिच्या तोंडाकडं बघून बोलवेना.

ते पोर आता मोठं झालं आहे. शेती करतं म्हणे, चांगलं करतं. भाऊ थकला. बायको दर दिवाळीला त्यांच्याकडं जाते, चार दिवस राहते, त्या पोराच्या मुलांसाठी शहरातून कपडे नेते. मी तिला एस्टीनं गावच्या फाट्यापर्यंत सोडायला जातो. तिथून गाव दिसतं. ते पोर, आता त्याला पोर कसं म्हणायचं, बैलगाडी घेऊन फाट्यावर आलेलं असतं. "काका, चला की," दरवर्षी म्हणतं. मी पिशवी गाडीत ठेवतो आणि परतीची एस्टी येईपर्यंत रस्त्याच्या या बाजूला उभा राहतो.